हात न शोधता कुठे जातो? लिनक्सचे डेस्कटॉप आणि रोजचं काम

१४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. तेव्हापासून नाशिकच्या गंगापूर रोडजवळच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकाच जातीचे लॅपटॉप येतात. सात-आठ वर्षं वापरलेले, बिजागरी घट्ट, कीबोर्ड शाबूत, स्क्रीनवर एक रेघ नाही. फक्त विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा.

"दादा, चांगला चालतोय की, भंगारात कशाला घालू?" असं माणसं विचारतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. अशा लॅपटॉपवर मी विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देतो. पण लिनक्स म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कोणतं? आणि त्याचं उत्तर लोकांनी आधीच कुठून तरी ऐकलेलं असतं: "हलकं असेल ते टाका." कधी कधी, "छान दिसेल ते टाका." मला या दोन्ही उत्तरांबद्दल तक्रार आहे. रोज पाच-सहा तास ज्या स्क्रीनसमोर बसायचं, तिची निवड वजनावर आणि रूपावर करू नये. ती हातावर करावी. तुमचा हात दिवसातून शेकडो वेळा काहीतरी शोधतो. त्याला ते न शोधता सापडलं पाहिजे. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी एक गुंता सोडवू. लिनक्स हे खरं तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं नाव. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो लिहायला सुरुवात केली. मेमरी वाटून देणं, हार्ड डिस्कवर लिहिणं, वायफायच्या कार्डाशी बोलणं ही कामं तो करतो. त्याला चेहरा नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही वितरणं, म्हणजे गाभा आणि लागणारे बाकीचे प्रोग्रॅम एकत्र बांधून दिलेले संच. बोलताना सगळे डिस्ट्रो म्हणतात. आणि आपल्याला जे डोळ्यांनी दिसतं, म्हणजे खालची पट्टी, मेनू, विंडोच्या कडा, फाइल उघडायची जागा, सेटिंग, हे सगळं मिळून होतं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. विंडोजमध्ये हे तिन्ही थर एकाच डब्यात येतात, म्हणून ते वेगळे असू शकतात हेच आपल्या ध्यानात येत नाही. लिनक्समध्ये ते सुटे आहेत. तोच उबुंटू ग्नोम या डेस्कटॉपसह येतो, केडीईसह आला की त्याला कुबुंटू म्हणतात, एक्सएफसीईसह झुबुंटू, एलएक्सक्यूटीसह लुबुंटू. आतलं इंजिन एकच. बदलतं ते स्टिअरिंग आणि गिअरची जागा.

सेकंदांचा हिशोब

कार्यक्षमता हा शब्द फार सैल वापरला जातो, म्हणून थोडं मोजून बघू. १९८० मध्ये स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल या तिघांनी संगणकावरच्या कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला सरासरी वेळ दिली. बऱ्यापैकी टायपिंग येणाऱ्याला एक बटण दाबायला सुमारे ०.२ सेकंद. माउसने एखाद्या जागी नेम धरायला १.१ सेकंद. हात कीबोर्डवरून माउसवर किंवा परत न्यायला ०.४ सेकंद. आणि "आता काय करायचं" हे मनात जुळवायला १.३५ सेकंद.

शेवटचा आकडा पुन्हा बघा. यादीत सगळ्यात महाग विचार आहे, हात नाही.

आता एक नेहमीची कृती घ्या: एका विंडोतून दुसऱ्या विंडोत जाणं. खालच्या पट्टीवर माउसने जायचं तर हात माउसवर ०.४, नेम १.१, क्लिक ०.२, हात परत ०.४, मिळून २.१ सेकंद. ऑल्ट-टॅब दाबलं तर दोन बटणं, ०.४ सेकंद. फरक १.७ सेकंदांचा. दिवसात ३०० वेळा विंडो बदलली तर साडेआठ मिनिटं. साडेआठ मिनिटांसाठी कोणी डेस्कटॉप बदलू नये, हे मी आधीच सांगतो.

पण ऑल्ट-टॅबचं हे गणित दोनच विंडो असताना खरं आहे. नऊ विंडो उघड्या असल्या की टॅब दाबत दाबत उघड्या विंडोंच्या चित्रांची ओळ वाचावी लागते, आणि प्रत्येक वेळी तो १.३५ चा विचार मध्ये येतो. शिवाय ओळीचा क्रम दर वेळी बदलतो, कारण नुकती वापरलेली विंडो पुढे येते. खालच्या पट्टीवरचं बटण मात्र आपल्या जागी राहतं. म्हणून माउसने काम करणारा माणूस कधी कधी कीबोर्डवाल्यापेक्षा शांतपणे आणि न चुकता काम करताना दिसतो. हात लांब जातो, पण डोकं मध्ये पडत नाही.

माझ्या मते डेस्कटॉपची खरी कसोटी हीच आहे: तो तुम्हाला दिवसातून किती वेळा "ते कुठे गेलं?" असं विचारायला लावतो. सेकंद तर जातातच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे हातातलं काम मनातून निसटतं. बिलाची रक्कम लक्षात ठेवून दुसऱ्या विंडोत गेलो, विंडो सापडेपर्यंत रक्कम विसरलो, परत आलो. हे ज्याच्या बाबतीत दिवसात वीस वेळा होतं त्याला संध्याकाळी थकवा कशाचा आला ते सांगता येत नाही.

आणखी एक जुनी गोष्ट इथे उपयोगी पडते. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं की एखाद्या लक्ष्यावर पोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. लक्ष्य जितकं लांब आणि छोटं, तितका वेळ जास्त. स्क्रीनच्या कडा आणि कोपरे इथे फायद्यात असतात, कारण माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण कडेलाच अडतो, पुढे जात नाही. नेम धरायची गरजच नाही. सगळे डेस्कटॉप आपली पट्टी कडेला का लावतात आणि ग्नोमने डावा वरचा कोपरा आपल्यासाठी का राखून ठेवला, याचं उत्तर यात आहे.

मिसळीचा काउंटर आणि २०११

रविवारी सकाळी नाशिकमधल्या कुठल्याही चालत्या मिसळीच्या ठिकाणी काउंटरमागच्या माणसाच्या हातांकडे बघा. मटकी, रस्सा, फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. पाय जागचे हलत नाहीत, मान वळत नाही, आणि समोरच्याशी गप्पा चालू असतात. आता रात्रीतून कोणी त्याच्या भांड्यांची जागा बदलली तर? नवी मांडणी कदाचित जास्त सोयीची असेल, कोणी अभ्यास करून केलेली असेल. तरी त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जाईल.

लिनक्सच्या जगात एप्रिल २०११ मध्ये असंच झालं. त्याआधीची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९९६ मध्ये मथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने केडीई सुरू केला. लिनक्सवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमचं रूप आणि वागणं वेगवेगळं होतं, ते एकसारखं करावं हा त्याचा हेतू. पण केडीई क्यूटी नावाच्या ज्या तयार कोडवर उभा होता, त्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त, म्हणजे कोणीही वापरावा आणि बदलावा असा, नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ग्नोम काढला. पुढे क्यूटीचा परवाना मुक्त झाला, पण तोवर दोन घरं झाली होती, ती आजही आहेत.

ग्नोम २ हा वरती एक पट्टी, खाली एक पट्टी असलेला सरळ साधा डेस्कटॉप होता. लाखो हातांना त्याची सवय झालेली. २०११ च्या ग्नोम ३ मध्ये खालची पट्टी गेली, मेनू गेला, विंडो लहान करून ठेवायचं बटण गेलं. ज्यांना हे झेपलं नाही त्यांच्यातून दोन फांद्या फुटल्या. ग्नोम २ चाच कोड पुढे चालवणारा माटे, जो दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाच्या नावावरून ओळखला जातो, आणि ग्नोम ३ च्या नव्या पायावर जुन्या वळणाचं घर बांधणारा, लिनक्स मिंटवाल्यांचा सिनॅमन. उबुंटूने त्याच वर्षी आपला युनिटी हा वेगळा डेस्कटॉप सर्वांसाठी आणला, २०१७ मध्ये तो सोडायचं ठरवलं आणि ग्नोमकडे परत आला.

ही भांडणं वाचताना मला कधीच कोणी मूर्ख वाटलं नाही. नवी मांडणी करणाऱ्यांकडे कारणं होती. सोडून जाणाऱ्यांचे हात मात्र वर्षानुवर्षं शिकलेले होते, आणि तो शिकलेपणा ही त्यांची कमाई होती.

ग्नोम: टेबल स्वच्छ ठेवणाऱ्यांसाठी

आजचा ग्नोम त्याच २०११ च्या विचाराचा, पण पिकलेला आहे. वर एक बारीक पट्टी, बाकी स्क्रीन रिकामी. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की उघड्या विंडो लहान होऊन समोर पसरतात आणि लगेच टाइप करायला लागलं की प्रोग्रॅम, फाइल, सेटिंग शोधता येतं. हवा तो प्रोग्रॅम उघडायला त्याच्या नावाची दोन-तीन अक्षरं आणि एंटर पुरतं. मेनूत शिरून खाली खाली जायचं नाही.

त्याची खरी ताकद आहे वर्कस्पेस, म्हणजे एकामागोमाग एक ठेवलेले आभासी स्क्रीन. ग्नोममध्ये ते लागतील तसे आपोआप वाढतात. २०२१ च्या ग्नोम ४० पासून ते आडवे, शेजारी शेजारी मांडले जातात, आणि टचपॅडवर तीन बोटं डावी-उजवीकडे सरकवली की बोटांबरोबर स्क्रीन सरकतो. कॉलेजमध्ये शिकणारी मुलं, जी लॅपटॉप मांडीवर घेऊन वसतिगृहाच्या पलंगावर बसतात आणि माउस वापरतच नाहीत, त्यांच्या हाताला हे लगेच बसतं. पहिल्या स्क्रीनवर कोड, दुसऱ्यावर ब्राउझर, तिसऱ्यावर व्हिडिओ लेक्चर. कोणती वस्तू कोणत्या खोलीत आहे हे ठरलेलं, म्हणून तो विचाराचा १.३५ सेकंद वाचतो.

पण ही सवय स्वतः लावावी लागते. जो माणूस सगळ्या विंडो एकाच वर्कस्पेसवर उघडतो त्याला ग्नोम त्रास देतो, कारण विंडो लहान करून ठेवायला खाली जागाच नाही. मूळ ग्नोममध्ये विंडोवर फक्त बंद करायचं बटण असतं, आणि ऑल्ट-टॅब विंडोऐवजी प्रोग्रॅममध्ये उड्या मारतं. दोन स्प्रेडशीटमध्ये ये-जा करायची तर एस्केपच्या खालचं बटण ऑल्टबरोबर दाबायचं हे कळेपर्यंत माणूस वैतागतो. उबुंटूने डावीकडे चिन्हांची पट्टी आणि लहान-मोठं करायची बटणं परत घालून हा धक्का बराच कमी केला आहे.

उरलेल्या तक्रारींवर लोक एक्स्टेन्शन, म्हणजे वरून लावायचे छोटे जोडप्रोग्रॅम, सुचवतात. खाली पट्टी आणणारी, जुना मेनू आणणारी, भरपूर आहेत. ती ग्नोमच्या आतल्या कोडला चिकटून चालतात, आणि ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, त्यामुळे आवृत्ती बदलली की एक्स्टेन्शनही लिहिणाऱ्याने नव्याने जुळवून द्यावं लागतं. एक-दोन असतील तर हरकत नाही. पण आठ एक्स्टेन्शन लावून ग्नोमचा विंडोज करायचा असेल, तर मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, तुम्हाला ग्नोम नकोच आहे.

केडीई प्लाझ्मा: ज्यांच्या टेबलावर खरोखर गर्दी असते

शरणपूर रोडवरच्या एका सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या ताईंचं उदाहरण सांगतो, कारण कार्यक्षमता हा शब्द मला त्यांच्या कामात नीट कळला. त्यांच्या स्क्रीनवर एकाच वेळी जीएसटीचं पोर्टल, स्प्रेडशीट, पक्षकारांनी पाठवलेल्या बिलांच्या पीडीएफ आणि व्हॉट्सॲप. दिवसभर जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, रक्कम असं इकडून उचलायचं आणि तिकडे टाकायचं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. एक कॉपी, विंडो बदल, पेस्ट, विंडो बदल, पुढची कॉपी. एका बिलाला आठ वेळा विंडो बदलायची.

प्लाझ्मामध्ये कॉपी केलेल्या गोष्टींची यादी आपोआप साठते. पीडीएफमधून चार गोष्टी ओळीने कॉपी केल्या, एकदा स्प्रेडशीटमध्ये आल्या, विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की चारही समोर. आठ फेऱ्यांच्या दोन झाल्या. विंडोज १० मध्येही अशी यादी होती, फक्त ती सुरू करावी लागते आणि ते बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. वाचलेल्या सेकंदांपेक्षा ताईंना मोठा फरक जाणवला तो असा की आकडा डोक्यात धरून ठेवावा लागत नाही.

प्लाझ्माच्या डॉल्फिन या फाइल दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एफ३ दाबलं की एकाच विंडोचे दोन भाग होतात. डावीकडे डाउनलोडचा फोल्डर, उजवीकडे पक्षकाराचा. फाइल ओढायची, टाकायची. ऑल्ट आणि स्पेस दाबलं की वर एक छोटी पेटी येते, तिथे १८ टक्क्यांचं गणित टाइप केलं तर उत्तर तिथेच. कॅल्क्युलेटर उघडा, आकडा वाचा, परत या, हे नाही. आणि केडीई कनेक्टने फोन त्याच वायफायवर जोडला की फोनमधल्या बिलाचा फोटो केबलशिवाय संगणकात येतो.

दिसायला आणि वागायला हा विंडोजच्या जवळचा आहे, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, म्हणून पहिल्या दिवशी कोणी अडखळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली प्लाझ्मा ६ ही आवृत्ती चांगली स्थिरावली आहे. जड आणि डळमळीत अशी केडीईची जी ख्याती अजून ऐकू येते ती बरीचशी २००८ च्या चौथ्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या दिवसांची. आज ती लावणं अन्यायाचं होईल.

अडचण एकच आणि ती खरी आहे: सेटिंगचा पसारा. इथे जवळजवळ सगळं बदलता येतं, आणि ज्या हाताला बदलायची हौस आहे तो काम सोडून बदलतच बसतो. किंवा चुकून उजवं क्लिक होतं आणि खालची पट्टीच हलते. म्हणून ऑफिसात लावून देताना मी आधी त्यांच्याबरोबर अर्धा तास बसतो, लागणाऱ्या चार गोष्टी ठरवतो, आणि बाकीच्याला हात लावू नका म्हणून सांगतो.

सिनॅमन, एक्सएफसीई आणि बाकीचे

नाशिकरोडचे एक निवृत्त काका. लाइटबिल, रेल्वेचं तिकीट, नातवाचे फोटो, कीर्तनाचे व्हिडिओ. त्यांना मी लिनक्स मिंट आणि सिनॅमन देतो आणि डोळे मिटून देतो. मेनू डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजव्या, विंडो पट्टीवर. मिंटची एक आवृत्ती पाच वर्षं अपडेट घेते. २०२४ ची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत. पाच वर्षं काही हलणार नाही, ही काकांसाठी सर्वात मोठी कार्यक्षमता आहे. त्यांचा वेग क्लिकमध्ये नाही, "परवा जिथे होतं तिथेच आज आहे" या विश्वासात आहे. असा माणूस अर्ध्या तासात शिकून घरी जातो.

एक्सएफसीई हा वयाने केडीईच्या बरोबरीचा, १९९६ मध्ये ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी सुरू केलेला. याची नवी आवृत्ती आरामात येते: ४.१२ फेब्रुवारी २०१५ मध्ये, त्यानंतरची ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये. साडेचार वर्षं. काहींना ही सुस्ती वाटते, मला तो भरवसा वाटतो. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाला मी त्याच्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हा लावून दिला. त्याचं मुख्य काम बागेतले फोटो प्लॉटनुसार आणि तारखेनुसार नीट लावून ठेवणं. एक्सएफसीईच्या थूनार या फाइल प्रोग्रॅमबरोबर ढीगभर फाइलींची नावं एकदम बदलायचं साधन येतं. दोनशे फोटो निवडले, पुढे प्लॉटचं नाव, मागे क्रमांक, झालं. एकेका फोटोवर एफ२ दाबत बसलो असतो तर संध्याकाळ गेली असती.

माटे आजही छान चालतो, ग्नोम २ ची सवय असलेल्यांनी तोच घ्यावा. २ जीबी रॅमच्या अगदी जुन्या मशिनवर एलएक्सक्यूटी. आणि स्वे किंवा आय३ सारखे, विंडो एकमेकींवर न चढवता स्क्रीनवर फरशीसारख्या शेजारी शेजारी लावणारे व्यवस्थापक, हे कीबोर्डवरून हात न उचलणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी आहेत. त्यांना प्रत्येक वर्कस्पेसला क्रमांक देता येतो, आकडा दाबला की थेट तिथे. विचाराचा वेळ जवळजवळ शून्य, पण आधी आठ-पंधरा दिवस शिकण्यात जातात. दुकानातल्या गिऱ्हाइकाला मी ते सुचवत नाही.

हलकेपणाचं जे सगळे विचारतात त्याबद्दल: एक्सएफसीई ग्नोमपेक्षा मेमरी कमी घेतो हे खरं. पण फरक काही शे एमबींचा असतो, आणि ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की तेवढी मेमरी तो एकटाच खाऊन टाकतो. ४ जीबीच्या मशिनवर हा फरक जाणवतो, ८ जीबीवर सहसा नाही. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर डेस्कटॉप बदलण्याआधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, टाका. त्याने जो वेग येतो तो कुठल्याही डेस्कटॉपच्या निवडीने येत नाही.

आणखी एक तांत्रिक शब्द कानावर येतो, वेलँड. स्क्रीनवर चित्र उमटवणारी जुनी व्यवस्था एक्स११, जी १९८७ ची, आणि २००८ मध्ये सुरू झालेली नवी वेलँड. ग्नोम आणि प्लाझ्मा आता मुख्यतः वेलँडवर चालतात. सिनॅमन २२ व्या मिंटमध्ये तरी मुळात एक्स११ वरच आहे. रोजच्या कामात याचा अर्थ इतकाच: लॅपटॉपला वेगळ्या बारकाईचा दुसरा मॉनिटर जोडत असाल आणि दोन्हीकडे अक्षरं नीट आकारात हवी असतील, तर ग्नोम किंवा प्लाझ्मा जास्त बरा.

मराठी टाइप करताना

तुलनांमध्ये ही गोष्ट कोणी लिहीत नाही, आणि आपल्याकडे तर निम्मं काम तिच्यावर अडतं. अर्ज मराठीत, आकडे आणि ईमेल इंग्रजीत. दिवसातून पन्नास वेळा भाषा बदलायची.

मराठी टाइप करायचे दोन मार्ग आहेत, आणि ते आतून वेगळे आहेत. इनस्क्रिप्ट ही सरळ कीबोर्डची मांडणी आहे: एका बटणाला एक अक्षर. ती मांडणीच असल्यामुळे कुठल्याही डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जोडली की चालते. दुसरा मार्ग उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवायचा. त्यासाठी मध्ये एक दुभाषा लागतो, आयबस किंवा एफसीआयटीएक्स५ नावाचा. ग्नोममध्ये आयबस आतच मिसळलेला आहे, सेटिंगमध्ये मराठी जोडली की विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलते. इतकं सरळ दुसरीकडे नाही. मिंटमध्ये इनपुट मेथड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून ते बसवावं लागतं, आणि प्लाझ्मामध्ये वेलँडवर असाल तर सेटिंगमध्ये जाऊन हा दुभाषा निवडून द्यावा लागतो. एकदाच करायचं काम आहे, पण माहीत नसेल तर माणूस "लिनक्सवर मराठी येत नाही" म्हणून परत विंडोजकडे जातो. मी अशी माणसं पाहिली आहेत, आणि वाईट वाटतं.

भाषा बसवल्यावर एक खूण जरूर करा: प्रत्येक विंडोची भाषा वेगळी लक्षात ठेवायची सोय. ग्नोममध्ये ती आहे. प्लाझ्मामध्ये विंडोनुसार किंवा प्रोग्रॅमनुसार असा पर्याय मिळतो, एक्सएफसीईच्या पट्टीवरच्या कीबोर्डच्या चिन्हातही. अर्जाच्या विंडोत मराठी, स्प्रेडशीटमध्ये इंग्रजी, विंडो बदलली की भाषा आपोआप बदलते. चुकीच्या भाषेत अर्धी ओळ टाइप करून खोडणं बंद होतं. माझ्या अनुभवात अर्ज लिहून देणाऱ्या माणसाचा याने जितका वेळ वाचतो, तितका दुसऱ्या कुठल्याच सेटिंगने वाचत नाही.

घरी करून बघायचं असेल तर

पेनड्राइव्हवर मिंट, कुबुंटू किंवा उबुंटू उतरवून घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. डिस्कला हात न लावता डेस्कटॉप वापरून बघता येतो. पेनड्राइव्हवरून तो संथ चालतो, त्यावरून वेग ठरवू नका, हात कुठे अडतो ते बघा. एकाच संगणकावर दोन डेस्कटॉप बसवून लॉगिनच्या वेळी निवडताही येतात, पण मग दोन फाइल प्रोग्रॅम, दोन टर्मिनल, दोन सेटिंग अशी मेनूत खिचडी होते. तसं करायचंच तर प्रत्येक डेस्कटॉपसाठी वेगळा यूजर बनवा.

बघताना आपलं खरं काम करा. नुसतं वॉलपेपर बदलून निर्णय घेऊ नका. एक बिल, एक अर्ज, दहा फोटो, एक व्हिडिओ कॉल. आणि तुमचं काम टॅलीप्राइमवर असेल तर आधी हे लक्षात घ्या की तो मुळात विंडोजसाठीचा प्रोग्रॅम आहे, डेस्कटॉप कोणताही निवडला तरी तो प्रश्न उरतो. त्या माणसाला मी विंडोज सोडायला सांगत नाही.

पहिले तीन-चार दिवस प्रत्येक डेस्कटॉप वाईट वाटतो, कारण हात जुन्या जागी जातो. आठवड्यानंतरही एखादी गोष्ट रोज शोधावी लागत असेल, तर ती कागदावर लिहून ठेवा. मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो, आठ दिवसांनी तो कागद घेऊन या.

सीए ऑफिसातल्या ताई तीन आठवड्यांनी आल्या. कागदावर एकच ओळ होती: कॉपीची यादी लहान पडते, लांब करून द्या. दोन मिनिटांत करून दिली. विंडो कुठे जातात, फाइल कुठे उतरते, मराठी कशी येते, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि सहाच्या आत ऑफिसात परत जायचं म्हणून निघाल्या.